भिंत पातळ होत गेली : शिकागोतला एक पायी दिवस

शिकागोत एकच दिवस हाताशी असलेला विद्यार्थी बहुधा सकाळी संग्रहालयात शिरतो आणि दुपारी पाय दुखायला लागल्यावर इमारती बघायला बाहेर पडतो. हा क्रम उलटा करा. चित्रांच्या दालनात बसायला बाक मिळतो, पदपथावर मिळेलच असं नाही. शिवाय डिअरबॉर्न स्ट्रीटवर दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत गेलात, तर इमारतीची भिंत कशी पातळ झाली आणि तिच्यापुढे शिल्पाला जागा कशी मिळाली, हे पायांखालून सरकत जातं. व्हॅन ब्युरेन ते वॉशिंग्टन या आडव्या रस्त्यांमधलं हे अंतर एक किलोमीटरपेक्षाही कमी. चुकण्याची भीती नाही, कारण इथले घरक्रमांक स्टेट आणि मॅडिसन यांच्या चौकापासून मोजतात. शहरात बहुतेक ठिकाणी ८०० क्रमांक म्हणजे एक मैल, पण मॅडिसनच्या दक्षिणेला पहिला मैल १२०० क्रमांकांचा आहे.

पहिली इमारत मोनॅडनॉक. तिचा उत्तरेकडचा अर्धा भाग बर्नम आणि रूट या वास्तुकारांचा, १८९१चा. सोळा मजले, आणि बाहेरच्या विटांच्या भिंतीच वजन पेलतात. तळाशी त्या सहा फूट जाड आहेत. आकडा ऐकून काही कळत नाही. तळमजल्याच्या खिडकीची खोली हाताने मापून बघा. जितके मजले चढवाल तितकी खालची भिंत फुगते आणि भाड्याने देण्याजोगी जागा खाते. त्यात जमिनीखाली मऊ चिकणमाती. इमारत थोडी खचणार हे धरलेलंच होतं, पण ती अंदाजापेक्षा बरीच जास्त खचली. दक्षिणेकडचा अर्धा भाग १८९३चा, होलाबर्ड आणि रोश यांचा. तिथे पोलादी सांगाडा आला. दोन्ही भाग एकाच नजरेत घ्यायचे असतील तर चौकाच्या तिरक्या कोपऱ्यावर जा. इमारतीच्या उंचीइतकं मागे सरकलात तरी मान पंचेचाळीस अंशांत वर करावी लागते, आणि रस्ता तेवढाही रुंद नाही. समोरून काढलेले फोटो म्हणूनच फसतात.

दोन पावलांवर फेडरल सेंटर हा सरकारी इमारतींचा समूह, वास्तुकार मीस व्हान डेर रोह यांचा. काचांमधल्या काळ्या उभ्या पट्ट्या इमारत पेलतात असं वाटतं, पण नाही. आगीपासून बचाव म्हणून खरं पोलाद झाकावं लागतं, म्हणून त्याची आठवण देणाऱ्या पट्ट्या बाहेर लावल्या. काचेच्या चौकटीला त्या ताठपणा देतात हे खरं, तरी हा प्रामाणिकपणा की नाटक, यावर वाद घालायला हरकत नाही. माझ्या मते नाटक, पण उत्तम वठलेलं. आता खाली बघा : फरशीच्या ग्रॅनाइटचे सांधे इमारतीच्या मापाशी जुळतात आणि तसेच दारातून आत जातात. या काटकोनांच्या पसाऱ्यात शिल्पकार काल्डरचा ‘फ्लेमिंगो’ उभा आहे : १९७४चा, ५३ फूट उंच, लालभडक, सगळा कमानींचा. त्याच्या पायांखालून चालत जा. लांबून तो नुसता रंग वाटतो.

समोर मार्केट (Marquette) बिल्डिंग, १८९५ची. तिथे ‘शिकागो खिडकी’ ओळखून घ्या : मधे रुंद न उघडणारी काच, दोन्ही बाजूंना अरुंद उघडणाऱ्या. मनरोच्या चौकात इनलँड स्टील या इमारतीचे खांब भिंतीच्या बाहेर आलेले दिसतील. लिफ्ट आणि जिने शेजारच्या वेगळ्या मनोऱ्यात ढकलले, म्हणून आतला मजला विनाखांबी झाला. रस्त्यापलीकडचं चित्रकार शागालचं मोझेक चारही बाजूंनी फिरूनच बघा.

खरा वेळ मात्र डेली सेंटरला द्या. १९६५ची ही इमारत कॉर-टेन पोलादाची आहे. या पोलादावर गंजाचा घट्ट थर बसतो आणि तोच पुढचा गंज अडवतो. अट अशी की त्याने भिजावं आणि वाळावं. पाणी साचून राहिलं तर गंज थांबत नाही, आणि सुरुवातीची काही वर्षं त्याचे तपकिरी ओघळ खालच्या फरशीवर उतरतात. अंगणातलं पिकासोचं ५० फुटी शिल्प १९६७चं, त्याच पोलादाचं. इमारतीच्या अंगावरचा रंग आणि शिल्पाचा रंग ताडून पाहा. शिल्पाची बाजू बदलली की चेहऱ्याचा पक्षी होतो, पक्ष्याची नुसती पातळ पत्र्याची कड उरते. इथे थांबून दोन रेखाटनं करा, एक समोरून, एक कडेने.

तिथून पूर्वेला मिलेनियम पार्क. अनिश कपूर यांच्या ‘क्लाउड गेट’ या आरशासारख्या चकचकीत शिल्पासमोर सगळे स्वतःचा फोटो काढतात, तुम्ही त्याच्यात वाकलेली उंच इमारतींची रांग बघा. १६८ पत्रे जोडून सांधे घासून नाहीसे केलेत. मग वास्तुकार रेन्झो पियानो यांच्या पुलावरून आर्ट इन्स्टिट्यूट या संग्रहालयाच्या मॉडर्न विंगमध्ये जा, पण आठवड्यातले बंद दिवस आधी तपासून. दोन तास पुरे. पिकासोच्या त्या शिल्पाचा छोटा नमुना याच संग्रहात आहे. मांडलेला असेल तर सकाळच्या रेखाटनाशेजारी धरा.

निघण्याआधी ॲडलर आणि सलिव्हन या वास्तुकारांनी बांधलेल्या शिकागो शेअर बाजाराचं दालन बघा. १८९४ची ती इमारत १९७२मध्ये पाडली, दालन तेवढं इथे पुन्हा उभारलं. तिच्या प्रवेशाची कमान मात्र बाहेर, मनरो आणि कोलंबसच्या कोपऱ्यावर आहे. तिच्यामागे भिंत नाही, इमारत नाही, नुसतं आकाश.