यंत्र हवेचं की उन्हाचं?

श्रोतेहो, नमस्कार.

एप्रिल लागला की कोल्हापुरात कुणाशीही दोन विषयांवर भांडता येतं. एक मिसळ आणि दुसरा उकाडा. उकाड्याचं भांडण अलीकडे वाढलंय, कारण घरोघरी हवामान यंत्रं आली. राजारामपुरीत एक आकडा, फुलेवाडीत दुसरा, आणि कळंब्याचे पाहुणे फोनवर तिसराच सांगतात. भर दुपारी गल्लीगल्लीत थोडा फरक असतोच. पण पाच-सहा अंशांचा फरक दिसला, तर दोष हवेचा नाही. यंत्र कुठं टांगलंय ते बघायचं.

आमच्या गल्लीत एक अण्णा आहेत. निवृत्त, हौशी, आणि बोलायला लागले की थांबत नाहीत. लेकीनं पुण्याहून त्यांना हवामान यंत्र पाठवलं. अण्णांनी ते गच्चीच्या कठड्यावर ठोकलं. बाजूला काळी पाण्याची टाकी, मागं पत्र्याची शेड. (जाता जाता सांगतो, ज्याच्या-त्याच्या गच्चीवर पत्रा घालायची जी लाट आलीय, तिनं संध्याकाळची गच्ची आपल्या घरांतून घालवली. असो.) मग रोज संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर अण्णा जाहीर करायचे, "आज त्रेचाळीस पूर्णांक सहा!" कट्टा एका सुरात म्हणायचा, "बाप रे!"

गप्प बसल्या नाहीत त्या बाई. बाई म्हणजे शाळेत विज्ञान शिकवायच्या, निम्म्या पेठेनं त्यांच्या छड्या खाल्ल्यात. त्या म्हणाल्या, "अण्णा, वेधशाळा अडतीस सांगत्येय."

"त्यांचं यंत्र जुनं झालं असंल, बाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला बाई छत्री घेऊन गच्चीवर हजर. छत्री सेन्सरला, म्हणजे यंत्राच्या तापमान मोजणाऱ्या भागाला, चिकटवली नाही. हातभर लांब, वारा खेळता राहील अशी धरली, नुसती सावली पडेल इतकीच. अण्णा समोर मोबाईल घेऊन बसले. त्रेचाळीस. बेचाळीस. एक्केचाळीस. पाव तासात आकडा एकोणचाळिसावर आला.

बाई म्हणाल्या, "पाव तासात कोल्हापूरची हवा चार अंशांनी गार झाली काय हो?"

"न्हाई की."

"मग मघाशी हे काय मोजत होतं?"

अण्णांनी टाकीकडं बघितलं, पत्र्याकडं बघितलं आणि म्हणाले, "ऊन."

श्रोतेहो, हे नीट ध्यानात ठेवा. सेन्सर हवेचं तापमान सांगत नाही, तो स्वतःचं तापमान सांगतो. तो उन्हात तापला की तापलेल्या सेन्सरचा आकडा येतो. त्याला हवेइतकाच गरम ठेवायचा, एवढंच आपलं काम. पुन्हा सांगतो, सेन्सर स्वतःचं तापमान सांगतो.

अण्णा कामाला लागले. केटररकडून पांढऱ्या प्लास्टिकच्या बशा आणल्या. वरची एक अखंड ठेवली, बाकीच्यांना मधोमध भोक पाडलं, लांब बोल्ट घालून सगळ्या पालथ्या, बोटभर अंतरानं एकावर एक बसवल्या आणि सेन्सर मधल्या पोकळीत टांगला. ऊन आत येत नाही, पाऊस येत नाही, वारा मात्र आरपार जातो. मग गच्ची सोडून परसात, मातीच्या जागेत, छातीच्या उंचीवर पाइपला हे बांधलं. दुपारचा आकडा वेधशाळेच्या आकड्याला एका अंशाच्या आत येऊन भिडला. अण्णा खूश.

चार दिवसांनी अण्णा परत बाईंकडं. "बाई, रात्री भुताटकी हाय." मोबाईलवरच्या आलेखात संध्याकाळपासून रेघ खाली यायची, आणि बरोबर साडेबाराला ताडकन दोन अंश वर. पहाटेपर्यंत डोंगर. रोज साडेबाराला. बाईंनी परसात फेरी मारली. कुंपणाच्या भिंतीपलीकडं शेजाऱ्यांच्या एसीचं बाहेरचं यंत्र, आणि त्याचा गरम झोत थेट बशांवर.

ती खोली शेजाऱ्यांच्या थोरल्या पोराची. पोरगं अभ्यासिकेतून दहाला घरी येतं, असं त्याचे वडील कट्ट्यावर अभिमानानं सांगायचे. अण्णांनी सगळ्यांदेखत मोबाईल पुढं केला. "दादा, पोरगं दहाला येतंय म्हणता, मग डोंगर साडेबाराला कसा चढतोय?" कट्टा हसून हसून आडवा. पुढच्या आठवड्यात डोंगर सव्वादहाला चढायला लागला. दादांनी अण्णांना चहा पाजला. बाई तेवढ्या म्हणाल्या, "पोराला शिस्त लागली ते बरं झालं, पण अण्णा, आकडा अजून चुकीचाच आहे. पाइप हलवा!"

वेळ कमी उरला, तर कामाचं पटापट सांगतो. अण्णांच्या बशांचं मूळ आहे स्टीव्हन्सन पेटी. वेधशाळेच्या आवारात झडपांची पांढरी लाकडी पेटी दिसते, तीच. एकोणिसाव्या शतकात थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्यानं ती आखली. त्यांचं मूळ काम दीपगृहं बांधायचं. जागतिक हवामान संघटना उंची सांगते जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर. खाली गवत किंवा माती असावी. परसात पेव्हिंग ब्लॉक घातले असतील तर अवघड आहे. अंगणातली माती झाकून टाकायची ही हौस मला कधीच कळली नाही. पाणी मुरत नाही, वर संध्याकाळभर पाय भाजतात.

परदेशी पुस्तिकेत लिहिलेलं असतं, सेन्सर उत्तरेच्या भिंतीला लावा, तिथं सावली असते. कोल्हापुरात हे अर्धंच खरं. मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो. तिथून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन तर मार्चअखेरपासूनच उत्तरेच्या भिंतीवर येतं. म्हणून भिंतीवर विसंबू नका, बशा लावाच. शिवाय भिंत दिवसभर तापते आणि रात्री तीच उष्णता सोडते.

सेन्सर मुळात खरा आहे का, हे बघायचं तर श्रावणासारखा दिवस नाही. ढग दाटलेले, वारा चालू, ऊन नाही. दोन तापमापकं शेजारी शेजारी टांगा; तेव्हाही फरक राहिला तर तो यंत्राचा दोष. पाण्यात बुडणारा सेन्सर असेल तर थर्मासमध्ये बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी घालून ढवळा. काही मिनिटांनी शून्य दाखवायला हवं. अर्धा अंश जास्त दाखवलं, तर अर्धा अंश वजा करायची सोय बहुतेक यंत्रांत असते. पण ज्याचं आवरण उघडं आहे असा सेन्सर पाण्यात घालू नका, तो जाईल.

आणि वळवाआधी बशा एकदा पुसून घ्या. धूळ बसली की पांढरं पांढरं राहत नाही, आणि कोळ्यांना ती पोकळी फार आवडते. जाळी धरली की वारा अडतो.

नमस्कार.