स्वमदत गट व्हॉट्सअ‍ॅपवर चालवताना

मंडळी, हे मानसिक आजाराशी झगडणाऱ्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या, एकमेकांना आधार देणाऱ्या गटांविषयी. १९३५ साली अमेरिकेत दारू सोडू पाहणाऱ्यांचं अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस सुरू झालं, तेव्हापासून एक गोष्ट वारंवार दिसते: मदत देणाराही सावरतो. अभ्यासक फ्रँक रीसमन यांनी १९६५ मध्ये हे नीट मांडलं. ते व्हॉट्सअ‍ॅपवरही खरं आहे. फरक एवढाच, की बैठक दीड तासात उठते आणि ग्रुप कधीच उठत नाही.

बहुतेक बिघाड तिथूनच सुरू होतो. रात्री एक वाजता कुणी लिहितं, ‘झोप नाही, सगळं व्यर्थ वाटतंय.’ लगेच हात जोडलेले इमोजी, मग ‘माझंही तेच’, आणखी एक ‘माझंही’. अर्ध्या तासात पाच जण जागे, पाचही जण अधिक उदास. दुःख उगाळत बसण्यावर मानसशास्त्रज्ञ अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलांचा अभ्यास केला. त्यात अशा बोलण्याचा संबंध घट्ट मैत्रीशी दिसला, तसाच उदासीशीही. म्हणून सहानुभूतीच्या एका ओळीनंतर साधा प्रश्न विचारा: ‘जेवलात का? घरी कोण जागं आहे? उद्या सकाळी काय ठरलंय?’

औषधांबाबत नियम एकच: अनुभव सांगा, डोस सांगू नका. ‘एसिटालोप्राम सुरू केल्यावर पहिला आठवडा मळमळलं, मग थांबलं’ हे वाक्य सोन्यासारखं, कारण या नैराश्यावरच्या गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि माणूस गोळी सोडतो तो नेमका त्याआधी. उलट ‘मी बंद केली, ठणठणीत आहे’ वाचून दुसऱ्यानं ती एकदम थांबवली, तर चक्कर येते, डोक्यात झटके बसल्यासारखं वाटतं. शुभंकरांना, म्हणजे काळजी घेणाऱ्या घरच्यांना, वाटतं, आजारच उलटला. लिथियमवर (मनाचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या औषधावर) असलेल्याला ‘अंगदुखीवर आयबुप्रोफेन घे की’ म्हणणारा प्रेमानंच म्हणतो. पण त्यानं रक्तातलं लिथियम वाढतं आणि विषबाधा होऊ शकते. असा सल्ला अ‍ॅडमिननं तिथल्या तिथे डिलीट करावा, मागाहून फोन करून कारण सांगावं.

मरणाची भाषा आली तर ग्रुपवर चर्चा नको. एकानं त्या व्यक्तीला फोन लावून थेट विचारावं, ‘जीव द्यायचा विचार येतोय का?’ विचारल्यानं विचार रुजत नाही. दुसऱ्यानं त्याच वेळी घरच्यांना गाठावं. त्यासाठी प्रवेश देतानाच जवळच्या एकाचा नंबर आणि संमती घेऊन ठेवा. धोका समोर उभा असेल तर ११२. एरवी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६, चोवीस तास, मराठीतही. हे नंबर ग्रुपच्या माहितीत लिहा; पिन केलेला मेसेज ३० दिवसांत उतरतो.

रात्री ग्रुपला कुलूप लावावं का? माझ्या मते नाही. एकटेपणा तेव्हाच टोचतो. त्यापेक्षा जागायच्या पाळ्या लावा, आणि ज्याची पाळी नाही त्यानं ग्रुप म्यूट करून झोपावं. नाहीतर दोघा-तिघांवरच सगळा भार पडतो आणि तेच आधी गळतात.

सदस्य १०२४ घेता येतात. चाळीसच्या पुढे मात्र कोण गप्प झालंय हे कळेनासं होतं. मुळातच गप्प असणाऱ्यांना काढू नका. वाचणाऱ्यालाही आपण एकटे नाही हे समजत असतं.