मांड पक्की पाहिजे

नमस्कार श्रोतेहो!

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे पोरांच्या तान्ह्या पोळ्याला, नागपूरच्या महाल भागात फिरलात, तर चाकं लावलेले लाकडी नंदी दिसतील. एखादा चांगला मोठा असला, की त्यावर एखादं पोट्टंही बसलेलं असतं. एक पाय इकडे, एक पाय तिकडे, हातात कासरा. या बसण्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, मांड.

मांड आणि मांडी यांची गल्लत होते. पंगतीत आपण मांडी घालतो, तिथे पाय दुमडलेले असतात. मांड ठोकायची ती घोड्यावर. नुसते पाय दोन्हीकडे सोडले म्हणजे मांड झाली नाही. दोन्ही मांड्यांनी घोडं धरायचं, लगामाला लोंबकळायचं नाही. घोडं उधळलं आणि स्वार जागचा हलला नाही, की म्हणायचं, याची मांड पक्की! १७४० च्या दशकात रघूजी भोसल्यांच्या फौजा नागपूरहून थेट बंगालवर गेल्या, त्या अशीच मांड ठोकून. बंगाली अंगाईगीतातले ‘बर्गी’ म्हणजे आपले बारगीर, सरकारी घोड्यावरचे स्वार. स्वतःचा घोडा असेल तो शिलेदार. आता घोडा उरला वरातीपुरता, आणि नवरदेवाची मांड म्हणजे घोडेवाल्याच्या हातातला लगाम!

बायकांचं काय? नऊवारीला कासोटा असतो, त्यामुळे मांड घालायला अडचण नाही. झाशी राणी चौकातून जाताना राणीच्या पुतळ्याकडे जरा मान वर करून बघा. पाचवारीत ते जमेना, म्हणून गाडीवर एका बाजूला बसणं आलं, आणि पदर चाकात जाऊ नये म्हणून साडीगार्ड. सलवार-कुर्ता, जीन्स आल्या, तशी मांड परत आली. सायकलवर मात्र आपण टांग टाकतो. दांडीवरून पाय पोचत नाही तोवर कैची मारायची.

बोलण्यात हा शब्द घोड्यावरून उतरला तो थेट खुर्चीवर गेला. गायकाची रागावर मांड आहे म्हटलं, की ते कौतुक. पुढारी खुर्चीवर मांड ठोकून बसला म्हटलं, की ऐकणाऱ्याला कळतं, हा आता उठत नाही. पण एक बघा, मांड नेहमी एकाच गोष्टीवर असते. दोन्ही पक्षांना धरून राहणाऱ्याला आपण मांड ठोकली म्हणत नाही. त्याचा दोन डगरींवर हात असतो.