पाय बांधावा का नाही बांधावा?

नमस्कार श्रोते हो.

पोळा नुकताच झाला होता आणि कपाशीत निंदणाची घाई चालू होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर मी माझ्या नर्सिंगच्या मुलींना घेऊन गेले होते. दुपारी एक ऑटो येऊन थांबला. त्यातून एका बाईला तिच्या नवऱ्यानं उचलून उतरवलं. धुऱ्यावरचं गवत कापताना तिच्या पायाला काहीतरी चावलं होतं. साप कोणी पाहिला नव्हता. घोट्याजवळ काट्याच्या ओरखड्यासारखी खूण होती, आणि गुडघ्याखाली सुतळी इतकी करकचून आवळलेली की खालचा पाय जांभळा पडत चालला होता.

सिस्टरनं तिला आडवं केलं, मोडलेल्या पायाला बांधतात तशी फळी लावून पाय स्थिर केला, १०८ ला फोन लावला. सुतळीला मात्र तिनं हात लावला नाही. आवळून बांधलेलं एकदम सोडलं तर अडलेलं विष झटक्यात अंगात पसरू शकतं, म्हणून ते डॉक्टरांसमोर, सापाच्या विषावरचं इंजेक्शन आणि बाकीची तयारी हाताशी ठेवूनच सोडायचं असतं. पुढे ग्रामीण रुग्णालयात काचेच्या कोरड्या नळीत तिचं २ मिली रक्त घेऊन, नळी न हलवता २० मिनिटं ठेवली. रक्त गोठलं होतं. डोळ्यांच्या पापण्याही जड झाल्या नव्हत्या. म्हणजे विष चढल्याची खूण दिसत नव्हती. रात्रभर लक्ष ठेवून तिला घरी सोडलं.

निघताना तिचा नवरा मला म्हणाला, "मॅडम, शाळेत गुरुजींनं सांगतलं होतं, साप चावला का वरतून बांधाव. तुमच्या दवाखान्याच्या भितीवर बी तसंच लिहून हाय. अन् आता तुमी म्हनता बांधू नोका. आमी आयकाव कोनाचं?"

मी मागे वळून पाहिलं. भिंतीवर खरंच एक जुना कागद होता. पिवळा पडलेला, कोपरे फाटलेले. त्यावर पाय आणि पायाला बांधलेली दोरी, असं चित्र. खाली ना तारीख, ना कोणी छापलं त्याचं नाव.

मी त्याला उत्तर दिलं, समजावलं, तो मान हलवून गेला. पण घरी येईपर्यंत मला एकच गोष्ट टोचत राहिली. मी त्याला सांगितलं ते बरोबर होतं, पण सांगितलं मात्र त्या गुरुजींसारखंच. मला कळतं म्हणून तू ऐक. त्याला कारण मिळालंच नाही.

आज मला त्या कारणाबद्दल, म्हणजे असा सल्ला कशावरून ठरवतात त्याबद्दल, बोलायचं आहे. आरोग्याच्या बाबतीत तज्ज्ञांची मतं आणि सरकारी धोरणं यांचा पद्धतशीर आढावा कसा घेतात, त्याबद्दल. नाव जड आहे, पण काम आपल्या ओळखीचं आहे. तूर विकायला काढली की आपण एकाच व्यापाऱ्याचा भाव ऐकून गाडी भरत नाही. चार ठिकाणी विचारतो, कोण कशासाठी सांगतोय तेही पाहतो.

औषधाचा गुण तपासायचा असला तर प्रयोग करता येतो. काही रुग्णांना औषध द्यायचं, काहींना नाही, आणि फरक मोजायचा. आपल्या गडचिरोलीचंच घ्या. आजारी नवजात बाळावर उपचार दवाखान्यातच व्हायला हवेत, हे त्या काळचं मोठमोठ्या जाणकारांचं मत होतं. डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून घरी जाऊन बाळांची काळजी घ्यायला लावली आणि शेजारच्या ४७ गावांशी तुलना केली. १९९९ साली ते काम लॅन्सेट या नियतकालिकात आलं. नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आलं होतं. २०११ पासून देशभरातल्या आशाताई बाळंतिणीच्या घरी जातात, त्यामागे हे काम आहे. जिथे मोजता येतं तिथे मोजावंच, मग मत कितीही मोठ्या माणसाचं असो.

पण साप चावलेल्या शंभर माणसांचे पाय आवळून बांधा, दुसऱ्या शंभरांचे बांधू नका आणि कोण वाचतं ते पाहू, असा प्रयोग कोण करील? कोणी करू नये. मग उरतात ती जाणत्या डॉक्टरांची मतं, संघटनांची निवेदनं, सरकारच्या मार्गदर्शिका, जुनी पाठ्यपुस्तकं. ही मतं पुरावा नाहीत म्हणून फेकून दिली तर हाताशी काहीच राहत नाही. आणि आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं सरासरी ५८,००० माणसं दरवर्षी गेली, असा अंदाज आहे. जास्त करून खेड्यातली, शेतात राबणारी.

ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडला जेबीआय नावाची संस्था आहे. १९९६ साली सुरू झाली. जोअ‍ॅना ब्रिग्ज या परिचारिकेच्या नावानं तिची स्थापना झाली, हे मी माझ्या मुलींना मुद्दाम सांगते. या संस्थेनं मतांचाही आढावा शिस्तीत घेता येतो, हे मांडलं आणि त्याची रीत घालून दिली. आधी प्रश्न पक्का करायचा. कोणाबद्दल, कशाबद्दल, कुठल्या परिस्थितीत. शोध कसा घेणार, काय घेणार, काय वगळणार, हे सुरुवातीलाच लिहून ठेवायचं, म्हणजे नंतर आपल्या सोयीचं तेवढं उचलायचा मोह होत नाही. मग शोध. आणि प्रत्येक कागद दोन माणसांनी वेगवेगळा बसून तपासायचा. दोघांचं जुळलं नाही तर तिसऱ्याला विचारायचं.

तपासताना प्रत्येक मताला सहा प्रश्न विचारतात. आमच्या वर्गात आम्ही सर्पदंशाच्या प्रथमोपचारावरचे मिळतील तेवढे कागद गोळा केले. भिंतीवरचे, जुन्या पुस्तकांतले, सरकारी, बाहेरच्या देशांतले. टेबलावर पसरले आणि एकेकाला हे प्रश्न विचारत गेलो.

पहिला प्रश्न, हे मत कोणाचं? त्या पिवळ्या कागदाचं घोडं इथेच अडलं. दुसरा, सांगणाऱ्याला या विषयातला अधिकार आहे का? इथे जरा थांबते. मोठी पदवी आणि या विषयातला अधिकार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हृदयाचा नामांकित डॉक्टर मण्यारीच्या दंशाबद्दल जे बोलतो, त्यापेक्षा पावसाळाभर असे रुग्ण पाहणाऱ्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरचं बोलणं मला वजनदार वाटतं.

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. ज्यांच्यासाठी हे सांगितलं जातंय, त्यांचं हित या मताच्या मध्यभागी आहे का? ऑस्ट्रेलियातल्या तज्ज्ञांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी दाबपट्टीची पद्धत सांगितली. रुंद लवचीक पट्टी सगळ्या पायाला ठरावीक दाबानं गुंडाळायची आणि पाय अजिबात हलू द्यायचा नाही. तिथल्या सापांसाठी ते योग्य आहे. त्या सापांच्या विषानं चावल्या जागेचं मांस सहसा सडत नाही. आपल्याकडे नाग आणि मण्यार यांचं विष मुख्यतः मज्जातंतूंवर चालतं, पण घोणस आणि फुरसं वेगळे. त्यांच्या विषानं रक्त गोठणं बिघडतं, चावल्या जागी पाय सुजतो, मांस सडतं. तिथे पट्टीचा दाब देऊन विष एकाच जागी कोंडलं तर ते मांस आणखी नासू शकतं. आणि अंधारात, लोडशेडिंगमुळे रात्रीच्या विजेवर ओलिताला गेलेल्या माणसाच्या खिशात रुंद लवचीक पट्टी असते का? आमच्या मुलींनी वर्गात एकमेकींच्या पायाला ओढण्या गुंडाळून पाहिल्या. कोणी इतकी सैल बांधली की दोन पावलांत खाली आली, कोणी इतकी घट्ट की बोटं पांढरी पडली. तीच मुलगी दुसऱ्यांदा बांधायला बसली तर दाब निराळा.

चौथा प्रश्न, मतामागे तर्क आहे का, की नुसता हुकूम आहे? पाचवा, आधी झालेल्या कामाचा आधार दिलाय का? सहावा, इतरांच्या म्हणण्याशी मत जुळत नसेल तर का जुळत नाही, हे सांगितलंय का? या सहाव्यावर चांगले चांगले कागद मागे पडतात. भारताच्या राष्ट्रीय प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे सर्पदंशावर सरकारनं ठरवून दिलेल्या उपचाराच्या रीतीत, चार गोष्टी सांगितल्या आहेत. धीर द्या, पाय मोडलेल्या हाडासारखा स्थिर करा, ताबडतोब दवाखान्यात न्या, वाटेत दिसलेली लक्षणं डॉक्टरांना सांगा. दाबपट्टीची शिफारस त्यात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या दक्षिण-पूर्व आशियासाठीच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत मात्र दाब देण्याच्या पद्धतीला जागा आहे. दोन्ही जबाबदार कागद. मग वाचणाऱ्यानं काय करायचं? दोघांपैकी मोठा कोण ते ठरवायचं नाही. फरक कशामुळे पडला, कोणत्या सापासाठी, कोणाच्या हातांसाठी, ते शोधून लिहायचं. आणि दोघांचं कुठे जुळतं तेही लिहायचं. आवळून दोरी बांधू नका, ब्लेड मारू नका, तोंडानं विष ओढू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. यावर दोन्ही कागद एकमुखी आहेत.

असं सगळं तपासून झालं की प्रत्येक कागदातला निष्कर्ष त्याच्याच शब्दांत उतरवून घेतात, त्याला निर्विवाद, विश्वसनीय किंवा निराधार असा शेरा देतात, सारख्या अर्थाचे निष्कर्ष एकत्र बांधतात आणि त्यातून शेवटचं म्हणणं तयार होतं.

हे वेळेवर केलं नाही तर काय होतं, त्याचं एक उदाहरण सांगते, आणि ते सांगताना मला दरवेळी जड जातं. गेल्या शतकात पाश्चात्त्य देशांत नावाजलेले बालरोगतज्ज्ञ सांगत, बाळाला पालथं झोपवा. आयांनी विश्वासानं ऐकलं. २००५ साली संशोधकांनी जुने सगळे अभ्यास एकत्र मांडून पाहिले. पालथं झोपण्यातला धोका १९७० सालीच दिसायला हवा होता, इतका पुरावा विखुरलेला पडून होता. सल्ला बदलायला मात्र १९९० चं दशक उजाडलं. मधल्या काळात झोपेत गेलेली हजारो बाळं वाचू शकली असती. त्या डॉक्टरांच्या मनात खोट नव्हती. सगळे कागद एका टेबलावर कोणी पसरले नव्हते, इतकंच.

आपल्याकडे हे टेबल जिल्ह्यात असायला हवं, असं मी मनापासून म्हणते. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा काढला. २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे आहेत. नवा आराखडा आला, पण जुना पिवळा कागद भिंतीवरून कोणी काढला का? धोरणाचा आढावा म्हणजे दिल्लीतला दस्तऐवज वाचणं तर आहेच. त्याच्याबरोबर उपकेंद्राच्या भिंतीवर, शाळेच्या पुस्तकात, आशाताईच्या पिशवीत आज काय लिहिलेलं आहे, तेही वाचायला हवं. लोक तेच पाळतात.

दिवाळीनंतर आम्ही त्या उपकेंद्रावर परत गेलो. सिस्टरच्या परवानगीनं जुना कागद उतरवला आणि मुलींनी हातानं लिहिलेला नवा लावला. चारच ओळी, मोठ्या अक्षरात, आणि खाली १०८. तेवढ्यात ती बाई आली, नातवाला लस द्यायला घेऊन. पाय बरा होता. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून एका मुलीनं तिला कागद वाचून दाखवला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे कोनं सांगतलं माय?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मग तिनं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं आणि तिथे आम्ही लिहिलेलं वाचायला घेतलं. कोणत्या कागदांवरून हे घेतलं, ते कोणत्या सालचे, आणि हा कागद पुन्हा कधी तपासायचा ती तारीख. बाई नातवाला कडेवर घेऊन शेवटपर्यंत ऐकत उभी होती.

नमस्कार.