इसाराआधी बँक

[दृश्य: छत्रपती संभाजीनगर, जालना रोडवरच्या हॉटेलचा हॉल. टेबलावर इमारतीची प्रतिकृती.]

काचेखालची ही इमारत दुबईत अजून उभी राहायची आहे. हिच्या खिडक्यांत मात्र आत्ताच दिवे लागलेत. बघायला आलेत डॉक्टर, मोंढ्यातले आडते, समृद्धी महामार्गात जमीन गेलेले शेतकरी. फलकावर एका फ्लॅटची किंमत आहे, 10 लाख दिरहम. आणि टेबलाच्या कोपऱ्यात कार्ड स्वाइप करायचं मशीन.

या मशीनपाशी थांबू या.

आपल्याकडे जागेचा व्यवहार इसारानं सुरू होतो. आधी शब्द, मग इसार, आणि सातबारा, फेरफार, सर्च रिपोर्ट हे सगळं नंतर. परदेशातल्या घराला हा क्रम चालत नाही. दुसऱ्या देशात जागा घेणं हा परकीय चलन कायद्यानं भांडवली व्यवहार आहे. त्याचे पैसे क्रेडिट कार्डानं भरता येत नाहीत, अगदी बुकिंगचेसुद्धा. ते बँकेतूनच, रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली, म्हणजे माणसाला परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या योजनेखाली, जावे लागतात.

[दृश्य: वहीवर हिशेब मांडणारा हात.]

मर्यादा माणशी, एका आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलर. एका डॉलरला 3.6725 दिरहम हा दर बांधलेला आहे. भागून बघा: 10 लाख दिरहम म्हणजे 2,72,294 डॉलर. वर दुबईच्या भूमी विभागाची 4 टक्के नोंदणी फी, 40,000 दिरहम. ती बहुतेक वेळा सगळी घेणाराच भरतो. म्हणजे हा फ्लॅट एकट्याच्या नावावर, एका वर्षात, बसतच नाही. मुलीला परदेशी शिकायला पाठवलेली फीसुद्धा याच मर्यादेत मोजली जाते, हे हॉलमध्ये कुणी सांगत नाही.

मग नवरा-बायको दोघांची मर्यादा एकत्र करायची. चालतं, पण करारावर दोघांचीही नावं मालक म्हणून हवीत. करार एकट्याच्या नावावर आणि अर्धे पैसे बायकोच्या खात्यातून, असं झालं की बँक तिथंच अडवते. तोवर इसार गेलेला असतो.

[दृश्य: लातूर, मोंढ्यात सोयाबीनचा लिलाव. मग आडतीच्या दुकानातली गादी.]

आडतीचं चालू खातं यात कामाचं नाही. एलआरएस फक्त व्यक्तीसाठी आहे; फर्म, कंपनी, ट्रस्ट, एकत्र कुटुंबाचं एचयूएफ खातं, कुणालाच नाही. कर्ज काढूनही जमत नाही, या कामासाठी बँकेनं उधारी द्यायची नाही असा नियमच आहे. पैसा स्वतःचा, स्वतःच्या खात्यातला, आणि खातं त्या बँकेत वर्षभर जुनं असलेलं बरं. नवं असेल तर मागच्या वर्षाचे उतारे आणि आयकर विवरणपत्र मागतात. जमिनीच्या मोबदल्याचे पैसे असतील तर निवाड्याची प्रतही फाईलला लावून ठेवावी.

[दृश्य: बँकेचा काउंटर. फॉर्म जवळून.]

हा फॉर्म ए-2. पॅन, रक्कम, पैसे कुणाला जाणार, आणि हा छोटा रकाना: परपज कोड, म्हणजे पैसे कशासाठी चाललेत ते. परदेशातल्या स्थावर मालमत्तेसाठी एस 0005. एजंट सांगतो म्हणून इथं घरखर्चाचा नाहीतर गिफ्टचा कोड टाकणारे आहेत. पुढची सगळी कागदपत्रं मग त्या एका खोट्या रकान्यावर उभी राहतात.

आता टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक आगाऊ घेते तो कर. वर्षात 10 लाख रुपयांच्या वर जितकं पाठवाल, त्यावर 20 टक्के. 50 लाख पाठवायचे तर 8 लाख वेगळे, म्हणजे खात्यात 58 लाख हवेत. हे 8 लाख बुडत नाहीत. आयकराच्या 26एएस उताऱ्यात दिसतात, करात वळते होतात. पण तोवर अडकून राहतात, आणि हप्त्याची तारीख थांबत नाही.

[दृश्य: दुबई. क्रेन, अर्धवट मजले.]

तिकडची बाजू त्या मानानं सरळ आहे. 2007च्या कायद्याप्रमाणे बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पाचे पैसे एस्क्रो खात्यातच, म्हणजे त्या प्रकल्पासाठी राखून ठेवलेल्या खात्यातच जायला हवेत. बिल्डरच्या किंवा एजंटच्या दुसऱ्या खात्याचा नंबर दिला तर पाठवू नका. इमारत होईपर्यंतची तात्पुरती नोंद म्हणजे ओकूद. पक्कं टायटल डीड ताबा मिळायच्या वेळी. पुढं दरवर्षी चौरस फुटावर सर्व्हिस चार्ज आहेच.

[दृश्य: सीएच्या टेबलावरचा संगणक.]

घर झालं की आयकर विवरणपत्राचे आयटीआर-1 आणि आयटीआर-4 हे दोन्ही सोपे फॉर्म बंद. आडत्यांपैकी कितीतरी जण आयटीआर-4 भरतात, त्यांनी आयटीआर-3कडे वळायचं. त्यात शेड्यूल एफए: परदेशातली मालमत्ता, भाडं येत असो वा नसो. भाड्यावर दुबईत वैयक्तिक आयकर नाही, इथं मात्र आहे.

शेड्यूल राहिलं तर 10 लाखांचा दंड होऊ शकतो. रोख हवाल्यानं पाठवले तर रकमेच्या तिपटीपर्यंत.

[दृश्य: हॉल. दिवे मालवताहेत. टेबलावर इसाराच्या पावत्यांचं पुस्तक.]

हे पुस्तक उद्या नांदेडला जाणार आहे.