जड पाण्याची भीती आणि चुनखडीतल्या भेगा

चुनखडीतल्या भूजलाबद्दल बोलायचं कबूल केलंय, तिथं येतोच. पण आधी एक राग मोकळा करू द्या.

पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायला एक तरुण आमच्या घरी आला होता. त्यानं दोन पेले मांडले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत लोखंडी कांड्या सोडून वीज दिली. बघता बघता नळाच्या पाण्यात तपकिरी, किळसवाणा गाळ जमला. यंत्राचं पाणी तसंच नितळ. “काका, हे पोटात जातं तुमच्या!” घरातल्या सगळ्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते. आता, तो गाळ होता कांडीतल्या लोखंडाचा! नळाच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट असतात, म्हणून वीज वाहते आणि लोखंड विरघळतं. यंत्राच्या पाण्यात क्षारच नाहीत, तर वीज वाहणार कशी? मी त्याच्या नितळ पेल्यात मीठ टाकलं आणि म्हटलं, आता लाव कांड्या. तोही पेला तपकिरी! (हशा.) हसा, पण त्या पोरावर माझा राग नाही, तो पोटासाठी फिरतोय. राग आहे तो त्याला हे शिकवून दारोदार पाठवणाऱ्यांवर.

जाताजाता त्यानं ठेवणीतलं अस्त्र काढलं : मुतखडा. म्हणे, जड पाण्याचा भांड्यात बसतो तोच थर पोटात खडा होतो. भांड्यात बसणारा पांढरा थर हा कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. बहुतेक मुतखडे असतात कॅल्शियम ऑक्झलेटचे. अन्नातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं, त्यामुळे आहारातलं कॅल्शियम फार तोडलं तर खड्यांचा धोका उलट वाढू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनं पाण्याच्या जडपणाला, म्हणजे त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला, आरोग्याच्या कारणावरून मर्यादाच घातलेली नाही. साबणाला फेस येत नाही, बंबात थर बसतो, हा त्रास खराच. पण तो बंबाचा आजार झाला, माणसाचा नव्हे.

घड्याळाकडे बोट दाखवताहेत, तर मूळ मुद्दा भराभर सांगतो.

मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्यापेक्षा कित्येक पट असतो. तो पावसाच्या पाण्यात मिसळून सौम्य आम्ल होतं, चुनखडीतलं कॅल्साइट विरघळवतं आणि हजारो वर्षांत केसाएवढ्या भेगांची भुयारं करतं. वाळूतून पाणी मुरत, गाळलं जात जातं. चुनखडीतल्या या भुयारांत ते धावतं, काही ठिकाणी दिवसाला किलोमीटरभरही. जंतू मरायला वेळच मिळत नाही. मे 2000 मध्ये कॅनडातल्या वॉकर्टन गावी मुसळधार पावसानंतर जवळच्या शेतातल्या शेणखतातले जंतू भेगाळ खडकातल्या उथळ विहिरीत उतरले. क्लोरीन पुरेसं नव्हतं आणि देखरेखही ढिली होती. 7 माणसं गेली, 2,300 च्या वर आजारी पडली. त्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं एकूण प्रमाण, मोजून कुणालाही काही कळलं नसतं!

जास्त झालं की दात-हाडं बिघडवणाऱ्या फ्लोराइडचं तर एका वाक्यात उरकतो : कॅल्साइट साचून पाण्यातलं कॅल्शियम घटलं की फ्लोराइडला रोखणारं कमी होतं, म्हणून तिथं साबणाला छान फेस येणारं पाणीही तपासायचं, मर्यादा लिटरला 1.5 मिलिग्रॅम.

तुमची विहीर चुनखडीत असेल तर जोराच्या पावसानंतर पाणी गढूळ होतं का ते बघा. होत असेल तर कोलिफॉर्मची (पाण्यात मैला मिसळल्याची शंका दाखवणाऱ्या जंतूंची) तपासणी त्याच दिवसांत करा, कोरड्या ऋतूतला अहवाल फसवा निघतो. आणि गढूळ पाण्यात क्लोरीन कमी पडतं, तेव्हा आधी गाळा, मग क्लोरीन घाला.