लांबलेला श्रावण

श्रोतेहो, नमस्कार.

मी बडोद्याचा. दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्यात जन्मलो आणि अजून तिथेच आहे. आजचा विषय आमच्या गावात असा चारचौघांत काढत नाहीत. दारू. म्हणजे ती पिण्याबद्दल नाही, सोडण्याबद्दल, आणि तेही कुणाला कळू न देता.

मुंबई-पुण्याकडचे पाहुणे आले की पहिल्याच संध्याकाळी विचारतात, "तुमच्याकडे तर बंदी ना?" आहे. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा १९६० साली गुजरात वेगळा झाला तेव्हा इकडेही राहिला, आणि राहिला तो कडकच. डॉक्टरी कारणावर परमिट मिळतं, पण बाकीचे सगळे कोरडे असतात असं म्हणालात तर कोपऱ्यावरचा पानवालाही हसेल. इथे तिला दारू म्हणत नाहीत, छांटोपाणी म्हणतात. छांटो म्हणजे शिंतोडा. रोज रात्री क्वार्टर संपवणारा माणूसही आपल्या मते शिंतोडाच उडवून घेत असतो. मी घेत होतो. चौदा-पंधरा वर्षं. परमिट नव्हतं. आता हे रेडिओवर सांगितल्यावर जे व्हायचं ते होवो.

इथे पिणाऱ्याची खरी पंचाईत बाटली मिळवण्यात नाही. एक फोन केला की पोरगा घरपोच आणून देतो, दुधाच्या पिशवीपेक्षा वक्तशीर. पंचाईत रिकाम्या बाटलीची. कचऱ्याची गाडी दारात येते, सगळा वाडा आपापली बादली घेऊन उभा असतो. त्यात बाटली टाकणार कशी? मी ती वर्तमानपत्रात गुंडाळायचो, वरून दोरा बांधायचो, जुन्या डब्याच्या पिशवीत ठेवायचो आणि पहाटे फिरायला म्हणून कमाटीबागेकडे निघायचो. वाटेत काळा घोडा चौक, तिथे विश्वामित्री नदीचा पूल. नदीत मगरी आहेत हे बडोद्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझं गुपित एवढ्या वर्षांत त्या मगरींनाच माहीत होतं. नदीत काच टाकत होतो, याची आज लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती.

२०२२ चा जुलै. त्या आठवड्यात बोटादकडचं लठ्ठाकांड झालं. कारखान्यात वापरायचं मिथेनॉल पाण्यात मिसळून विकलं गेलं आणि चाळीसवर माणसं गेली. सगळ्या पेपरांतून तेच. २८ तारखेला, गटारीच्या पहाटे, मी तोच पेपर गुंडाळलेलं पुडकं घेऊन पुलावर उभा होतो. पाऊस नुकताच थांबला होता, नदी गढूळ आणि भरून चाललेली. पुडकं सोडलं, आणि मागून आवाज आला, "काय काका, निर्माल्य का?"

वळून बघितलं. ओळखीचे गृहस्थ. गणपतीच्या वर्गणीला दरवर्षी येतात. मी म्हटलं, "हो."

त्यांनी चपला काढल्या, नदीकडे बघून हात जोडले, डोळे मिटले. मीही जोडले. दुसरं काय करणार होतो?

तिथून घरी येईपर्यंत माझ्या मनात काही थोर विचार आला असं नाही. संध्याकाळी मित्राच्या गच्चीवर गटारी साजरी झाली, मीही प्यायलो. फक्त उठताना म्हणालो, "यंदा श्रावण पाळतोय." कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. श्रावण पाळणाऱ्याला आपल्यात कोण काय विचारणार? शिवाय बोटादची भीती सगळ्यांच्याच मनात होती. मला दोन-दोन सबबी आयत्या मिळाल्या होत्या.

आता जरा हिशेब सांगतो, कारण तो मला कुणी आधी सांगितला नव्हता. क्वार्टर म्हणजे १८० मिली, साठचे तीन पेग. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. त्या हिशेबाने एका क्वार्टरमध्ये शुद्ध अल्कोहोल ६० ग्रॅमच्या आसपास. लिव्हर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम निकाली काढतं. म्हणजे रात्री दहाला ग्लास खाली ठेवला तरी पहाटे फिरायला निघणारा माणूस पुरता शुद्धीवर असतोच असं नाही. आणि रोज हे चाललं की मेंदू त्या गुंगीच्या विरुद्ध जोर लावून बसायला शिकतो. गुंगी एकदम काढून घेतली तर तो जोर उरतोच, आणि मग अंग थरथरायला लागतं.

माझं तेच झालं. तीस तारखेची सकाळ. चहा बशीत ओतायला गेलो आणि कप बशीवर असा वाजायला लागला, जणू घरात कुणी घुंगरू बांधलेत. दोन्ही हातांनी धरला तरी थांबेना. घाम. बायको समोर वाटाणे सोलत होती. तिने वर बघितलं नाही. मी बशी खाली ठेवली आणि म्हटलं, जरा बँकेत जाऊन येतो.

बँकेत कुठला जातो! नदीपलीकडे अकोट्याच्या बाजूला एक मानसोपचारतज्ज्ञ होते, त्यांच्याकडे गेलो. आमच्या फॅमिली डॉक्टरांच्या बाकावर अर्धा दांडिया बाजार बसलेला असतो, तिथे जाणं शक्य नव्हतं. या डॉक्टरांनी आधी मला झापलं. म्हणाले, रोज पिणाऱ्याने मनाने ठरवून असं एकदम बंद करायचं नसतं. पहिल्या दोन दिवसांत फीट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, आवाज येतात, आणि वेळेवर उपचार नाही झाले तर माणूस दगावतो. त्यांनी आठवडाभराच्या गोळ्या दिल्या, रोज कमी कमी करत न्यायच्या, आणि बी-१ जीवनसत्त्व. मी विचारलं, हे घरी कळेल का? ते म्हणाले, माझ्याकडून नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून येणारे त्रासही धरलेत, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हे डॉक्टरवर कायद्याने बंधन आहे.

म्हणून माझं एकच मागणं आहे. गुपचूप सोडायची तर खुशाल सोडा, पण एका डॉक्टरला त्या गुपितात घ्या. दवाखान्यात जायची हिंमत होत नसेल तर १४४४६ हा सरकारचा व्यसनमुक्तीचा टोल-फ्री नंबर आहे, निदान फोन तरी करा.

बाकी जगाला का नाही सांगितलं? खरं सांगतो, मला टाळ्या नको होत्या. आमच्या मित्रमंडळीत एकाने तीनदा सोडली. दरवेळी जाहीर केलं, दरवेळी त्याला पेढे मिळाले, आणि दरवेळी चौथ्या आठवड्यात सगळे त्याच्या ग्लासाकडे बघत बसायचे. तो दारूपेक्षा त्या बघण्याला कंटाळला. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. इतकी वर्षं चोरून पिण्याची सवय होती, तीच चोरी आता उलट्या बाजूने कामाला आली.

युक्त्याही सापडत गेल्या. ग्लासात सोडा, लिंबू, रंगापुरतं कोला. ग्लास हातात असला की कुणी काही विचारत नाही, सगळे प्रश्न रिकाम्या हाताला येतात. बायटिंग म्हणजे चखणा मी सोडला नाही. आमचा बडोद्याचा लिलो चेवडा आहे, तो सोडण्याचं काही कारण नव्हतं. गोड खाण्याची मात्र भयंकर वखवख सुटली, रात्री नऊला उठून डब्यातला गूळ खायचो. झोप पहिले काही आठवडे धड नव्हती, आणि लागली की सिनेमासारखी स्वप्नं पडायची. डॉक्टर म्हणाले, दारूने दाबून ठेवलेली स्वप्नं आहेत, येऊ देत.

श्रावण संपला. मग गणपती आले, गणपतीत कोण पितो? मग पितृपक्ष. मग नवरात्र, आणि बडोद्याच्या नवरात्रात तर पिणाऱ्यालाही वेळ नसतो, अर्धं गाव गरब्यात. कोजागिरीला गच्चीवर दूध आटलं तेव्हा एकाने हळूच विचारलं, "काय रे, तुझा श्रावण संपेना का?" मी म्हटलं, चातुर्मासच पाळतोय. कार्तिकीपर्यंत सुटलो. आपल्या पंचांगाने मला सवातीन महिने असे पदराआड ठेवले.

पण या चोरीची दुसरी बाजूही आहे. कुणाला न सांगता सोडलेली कुणाला न सांगता पुन्हा धरता येते. त्या डिसेंबरात दोन दिवस दमणला गेलो, तिथे बंदी नाही, तेव्हा हॉटेलच्या बारसमोर मी दहा मिनिटं उभा होतो. अडवायला कुणी नव्हतं, कारण कुणाला माहीतच नव्हतं. मी काही ग्लास परत ठेवणारा वीर नाही, मी प्यायलो. दोन पेग. परत आल्यावर डॉक्टरांकडे गेलो, सांगितलं. त्यांनी फक्त तारीख लिहून घेतली. घरी कालनिर्णयवर मी रोज पेन्सिलने एक बारीक ठिपका देत असे, दुधाच्या हिशेबाच्या शेजारी. त्या दोन दिवसांचे चौकोन कोरे ठेवले. ते कॅलेंडर अजून माळ्यावर आहे.

कुणालाच कळलं नाही असं म्हणालो, ते तितकंसं खरं नाही. दिवाळीच्या आधी माल पोचवणाऱ्या पोराचा फोन आला. "काका, बीजे थी लो छो?" दुसऱ्याकडून घेता का? मी म्हटलं, नाही रे, श्रावण होता. तो म्हणाला, "काका, श्रावण तो क्यारनो पत्यो!" म्हणजे श्रावण तर केव्हाच संपला. आणि भाव पन्नास रुपयांनी कमी करायला तयार झाला. माझी खबर ठेवणारा गावात तेवढा एकच होता.

आणि बायको? आमच्या घरी रात्री दहाला पानं वाढली जायची, कारण मी तोवर गच्चीवर असायचो. त्या श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात कधीतरी साडेआठला हाक आली, "अहो, पानं घेतलीत." मी येऊन बसलो. तेव्हापासून आम्ही साडेआठलाच जेवतो. यावर आमच्यात एक अक्षर बोलणं झालेलं नाही. आज बहुतेक होईल, कारण स्वयंपाकघरातला रेडिओ या वेळी लागलेला असतो.

मग एवढं लपवून आज हे का सांगतोय? त्या वर्गणीवाल्या गृहस्थांमुळे. ते दरवर्षी येतात, मी वर्गणी देतो, आणि दरवर्षी ते बाकीच्यांना कौतुकाने सांगतात की हे काका निर्माल्यसुद्धा पहाटे चालत जाऊन नदीत सोडतात. मागच्या वर्षी त्यांनी माझं उदाहरण मंडळाच्या सभेत दिलं. त्यांना रेडिओ ऐकायची सवय आहे, हे मला ठाऊक आहे. तर साहेब, ऐकत असाल तर सांगतो. त्या दिवशी तुम्ही चपला काढल्या होत्या. पुडक्यात निर्माल्य नव्हतं.

नमस्कार.